ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत

३ फेब्रुवारी

आणला एकदाचा! रोपवाटिकेवाल्याच्या मागच्या कुंपणाशी वेलाखाली असा गाडला गेला होता की आधी नुसतं स्टिअरिंगच दिसलं. "घेऊन जा बाई, माझी जागा मोकळी होईल," म्हणाला. पुढचं एक चाक फिरत नाही, मागचे दोन्ही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. टेंपोवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी रस्त्यावरचं मेलेलं जनावर घरी नेतेय.

बागेतले हे छोटे जुने ट्रॅक्टर दुरुस्त करायचं वेड कसं लागलं, असं दुकानात सगळे विचारतात. औषधांच्या गोळ्या देणारी बाई आणि हे काय! पण हे घरातूनच आलं. बाबांची सगळी नोकरी डोंगरावरच्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या बागेत गेली, गवत कापायचा असाच ट्रॅक्टर चालवण्यात. असाच म्हणजे अगदी ह्याच बनावटीचा. आधी दोन दुरुस्त केले ते वेगळे होते. शोधत होते ह्यालाच.

बाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "हा रंग नव्हता ह्याचा." आणि आत गेले. वाटलं, झालं, संपला उत्साह. तर चष्मा बदलून परत आले!

५ फेब्रुवारी

इंजिन जाम. पुली दोन्ही हातांनी धरून लोंबकळले तरी हूं की चूं नाही. प्लग काढून त्या भोकातून तेल आणि रॉकेल ओतून ठेवलं. आता वाट बघणं.

बाबांनी पडवीत खुर्ची अशी लावून घेतली आहे की मी काय करते ते सगळं दिसावं. दिवसभर खोलीत भिंतीकडे बघत बसायचे ते.

९ फेब्रुवारी

अजून जाम. बाबा म्हणतात, "जोर करू नकोस, त्याला मुरू दे."

मडगार्ड पुसताना एकदम आठवलं — शाळा सुटली की मी पळत रुग्णालयाच्या मागच्या फाटकाने आत यायची आणि बाबा न थांबता मला एका हाताने उचलून अशाच मडगार्डवर बसवायचे. पत्रा इतका तापलेला असायचा! मांड्यांना चटका बसायचा, पण बोलायची सोय नव्हती. बोललं तर उतरवतील. वरच्या सज्जांत छातीचे रुग्ण ओळीने पडलेले असायचे. कापलेल्या गवताचे फिके-गडद पट्टे पडत जायचे, आणि ते वरून बघायचे. त्यांना दुसरं बघायला होतंच काय? दुपारी त्यांची झोपेची वेळ असे, तेव्हा बाबा इंजिन बंद करून झाडाखाली पाती घासत बसत. कुणी सांगितलं नव्हतं तसं. त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

आज त्या मडगार्डवर मी मावेन असं काही वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

सुटलं!! सकाळी दुकानात जायच्या आधी सहज पुलीला हात लावला आणि ती केसभर सरकली. मग आणखी थोडी. बाबांना हाक मारली तर तोंडात ब्रश तसाच ठेवून आले.

१५ फेब्रुवारी

दादा आला होता. बाबा न्हाणीघरात घसरून पडले तेव्हापासून त्याचं एकच चाललंय, आता त्यांनी त्याच्याकडे राहायचं. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, डॉक्टर समोरच, नातवंडं घरात, वहिनी दिवसभर असते. मी दुकानात, बाबा इथे एकटे. त्या दिवशी शेजारणीने आवाज ऐकला म्हणून, नाहीतर संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते. दादा भांडत नाही, आवाज चढवत नाही. त्याचं बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे.

बाबा सगळा वेळ तारेच्या ब्रशने एक झाकण घासत बसले होते. दादा बोलायचा थांबला तसे म्हणाले, "हा सुरू झाला की येतो."

दादाला हायसं वाटलं. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, महिनाभर. "खोली रंगवून ठेवतो," म्हणाला.

१६ फेब्रुवारी

येतो म्हणाले. इतक्या सहज!

२० फेब्रुवारी

पेट्रोलची टाकी साफ केली. आत खडी घालून हलवत बसायचं, गंज सुटेपर्यंत. आळीपाळीने हलवली आम्ही. बाबा मांडीवर घेऊन हलवत होते, जसं मूल झोपवतात.

आणि बोलता बोलता आईची गोष्ट सांगितली! आई रुग्णालयाच्या धुलाईघरात होती एवढंच मला माहीत. बाबा नवीन लागले त्याच आठवड्यात धुलाईघरामागचं गवत कापायला गेले आणि वाऱ्याची दिशा न बघता कापत सुटले. दोरीवरच्या ओल्या चादरींवर हिरवा भुसा चिकटला, पहिल्या चादरीपासून शेवटच्यापर्यंत. आई बाहेर आली. ओरडली नाही. एकेक चादर उतरवून तिने ह्यांच्या अंगावर टाकली आणि हौद दाखवला. बाबांनी सगळ्या पुन्हा धुतल्या. पिळायला मात्र तिने दुसरं टोक धरलं. "तिथेच काय ते ठरलं," म्हणाले, आणि पुन्हा टाकी हलवायला लागले.

आई जाऊन इतकी वर्षं झाली. ही गोष्ट त्यांनी कुठे ठेवली होती?

२४ फेब्रुवारी

कार्बोरेटर उघडला. आत सगळा चिकट थर. ह्याच्या तळाच्या बोल्टमध्ये पितळेचं एक इवलंसं जेट असतं, त्याच्या सुईएवढ्या भोकातून सगळं पेट्रोल जातं. ते बुजलं की ट्रॅक्टर म्हणजे नुसतं लोखंड. बाबांनी ते उजेडाकडे धरून बघितलं आणि मला पुन्हा साफ करायला लावलं. आणि पुन्हा.

माझे हात आपोआप हळू चालतात हल्ली. बाबांच्या लक्षात आलंच. म्हणाले, "काम रेंगाळवू नकोस, बारके."

इतकी घाई झालीय त्यांना जायची.

१ मार्च

बाबांनी माळ्यावरची बॅग काढून मागितली. पुसली, उन्हात ठेवली. चार शर्ट घडी करून भरले. जेवताना दोघंही फक्त इंजिनच्या पट्ट्याबद्दल बोललो — घट्ट हवा की थोडा सैल.

५ मार्च

सुरू झाला! दोरी ओढून ओढून खांदा गेला होता. बाबा म्हणाले, "चोक अर्धा घे." घेतला, ओढली, आणि एकदा खोकला, दोनदा खोकला, निळा धूर, आणि मग तो आवाज! तोच! मला एकदम शाळेचं दप्तर पाठीवर असल्यासारखं वाटलं. मागे वळून बाबांकडे बघितलं. डोळे मिटून ऐकत होते, आणि उजवा पाय हलत होता, क्लचवर असल्यासारखा.

शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली, काही फुटलं का म्हणून.

मग रात्री दादाला फोन केला. करायलाच हवा होता. तो पंधरा तारखेला गाडी घेऊन येतो म्हणाला.

८ मार्च

बाबांनी चालवला. मला धाकधूक, पडले बिडले तर? पण सीटवर बसल्यावर काठी माझ्या हातात दिली आणि पाठ सरळ झाली. घरामागच्या गवतात एक पट्टा गेले, टोकाला वळले, बाजूचा पट्टा परत आले. रेघ सुतात! न्हाणीघरात भिंत धरून चालणारा माणूस हाच का?

उतरल्यावर म्हणाले की वरच्या मजल्यावरची एक मुलगी त्यांना खुणेने सांगायची, आज आडवे पट्टे, आज उभे. ती बरी होऊन घरी गेली त्या दिवशी खाली येऊन पहिल्यांदा त्या गवतावर चालली, अनवाणी. बाबांनी ते गवत मग आठवडाभर कापलं नाही.

१२ मार्च

दुकानात आज दोनदा चुकीचं औषध हातात आलं. गिऱ्हाईकाला द्यायच्या आत बघितलं म्हणून बरं. मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरी आहे.

घरी आले तर बाबांनी ब्रश, कानस, पाने सगळं पुसून फडक्यात बांधून ठेवलं होतं. माझ्यासाठी. "ह्यापुढे तुला लागेल," म्हणाले. पुढचा ट्रॅक्टर मी कशाला आणते? पडवीत खुर्ची रिकामी ठेवून एकटीने काय घासत बसू?

थांबा म्हणावंसं वाटतं. पण पुन्हा पडले तर? आणि ज्याला जायचंय त्याला कशाच्या जोरावर थांबवायचं?

१४ मार्च

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. बाबा ट्रॅक्टरपाशी वाकले होते. पाना लावून कार्बोरेटरखालचा बोल्ट काढला, जेट बाहेर घेतलं, फडक्याने नीट पुसलं, आणि शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं.

आत आले. हात धुतले. चहा मागितला. म्हणाले, "बघ जरा, सुरू होत नाहीये."

मी चहा दिला. म्हटलं, "जेट गेलं असणार. मागवावं लागेल. महिना तरी लागेल. सांगते दादाला." आणि हेही म्हटलं की उद्यापासून दुपारचं जेवायला मी घरी येईन, आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेऊ.

त्यांनी मान हलवली. चहा संपवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"जुनं मॉडेल आहे, बारके. महिन्यात कसलं मिळतंय."