डावीकडे सोडलेली जागा

अण्णा, तुमची लाकडी पट्टी परवा चाळीस वर्षांनी कामाला लागली. तुमची नात तुम्ही गेल्यावर जन्मली, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते. ती कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी जागा रचते. जागा म्हणजे इमारती, गल्ल्या, नाले. खेळणारा त्यांत हिंडतो. सहा महिने खपून तिने एक बंद पडलेला कारखाना उभा केला, आणि नोकरीच्या अर्जासोबत तो नमुना म्हणून सोमवारपर्यंत पाठवायचा होता. हे सहा महिने मी तिच्यापुढे बँकेच्या परीक्षांची पुस्तकं ठेवत होते. तुमचीच मुलगी मी, दुसरं काय करणार?

सगळं झालं होतं, नकाशा तेवढा राहिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढं चित्र असतं, त्यात आपण कुठे आहोत ते ठिपक्याने दिसतं. तिचं चित्र म्हणजे वरून घेतलेला फोटो. पत्रे, झुडपं, भंगार, सगळा काला. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "यात वाट कुठली ते मला कळत नाही." ती भडकली. "मग तूच काढ ना!" थोड्या वेळाने नरमली. "माळ्यावर आजोबांचे ते निळे कागद आहेत ना गं, पांढऱ्या रेषांचे? तसं जमेल तुला?"

जमेल का, म्हणे! डोंबिवलीच्या या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर मी तिच्या कारखान्याचं चित्र छापून पसरलं, वर ट्रेसिंग पेपर लावला. भिंती जाड, वाटा मोकळ्या, नाला दोन रेषांत. झुडपं आणि भंगार गाळलं. तिने बजावलं होतं, "आई, काठोकाठ काढ हं. कागदाची कड म्हणजेच कारखान्याची कड." रविवारी सकाळी तिने तो कागद स्कॅन केला, निळा रंग भरला, आणि खेळ सुरू केला. दिसायला देखणा. पण माणूस फाटकात उभा आणि ठिपका नाल्यात! "आई, हा भिंतीतून चालतोय. भूत आहे का?" तासभर ती स्वतःचे आकडे तपासत बसली, रडवेली झाली. मी मागे उभी राहून पाहत होते. उजवीकडे ठिपका बरोबर. डावीकडे सरकावा तसतसा चुकत जातो. मी माझा कागद उचलला. तीन बाजू काठोकाठ होत्या. डावीकडे दोन बोटं जागा कोरी.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची सुट्टी आहे. तुम्ही मला ट्रेसिंग शिकायला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कारखान्यात नेता. ड्रॉइंग ऑफिसात पाच पुरुष, नकाशे छापायच्या अमोनियाचा वास, कागद उडतात म्हणून पंखा बंद. तीन दिवस खपून मी एका शेडचं ड्रॉइंग पुरं करते, कागद भरून. तुम्ही ते बघता आणि सगळ्यांसमोर विचारता, "फाइलला लावायला भोकं कुठे पाडायची? भिंतीत?" सगळे हसतात. संध्याकाळी खोपटला बसमधून उतरल्यावर तुम्ही खिशातली ही पट्टी काढून माझ्या हातात देता. मी दुसऱ्या दिवशी आले नाही. पुढे सरकारी कचेरीत चिकटले, निवृत्तही झाले. हात मात्र तुमचं ऐकत राहिला.

"चूक तुझ्या आकड्यांत नाही, माझी आहे," मी म्हटलं. तिने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य या घरात पहिल्यांदाच ऐकत होती. बहुधा तसंच असेल. मी पट्टी लावली आणि ब्लेडने ती दोन बोटं कापून टाकली. पुन्हा स्कॅन केलं. माणूस फाटकात, ठिपका फाटकात. "चाल, चाल पुढे," मी पडद्याला सांगत होते, आणि ती हसत सुटली. दुपारी तिने अर्ज पाठवला. उत्तर यायचं आहे. बँकेची पुस्तकं मी आज रद्दीवाल्याला दिली; तिला अजून सांगितलेलं नाही. तिने दुसरी जागा रचायला घेतली आहे आणि नकाशा मीच काढायचा असं परस्पर ठरवूनही टाकलं आहे.

त्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, का येत नाहीस, तर मी म्हटलं होतं, या कामात मला रस नाही. ते खोटं होतं, अण्णा. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, भोकं पाडून माझ्याच फाइलीत लावते. डावीकडे जागा सोडली आहे.