आईची साबुदाण्याची भुतं

आई,

आज माझ्या अंगणात सहा भुतं उभी आहेत. समोरची शेजारीण आत्ताच विचारून गेली, कुठल्या दुकानातून आणलीस म्हणून. दुकानातून! मी ऐटीत सांगितलं, साबुदाण्याची आहेत, माझ्या आईची पद्धत आहे. तिचा चेहरा बघायला तू हवी होतीस. तू जाऊन एकवीस वर्षं झाली, पण दर ऑक्टोबरमध्ये मी पातेलं चढवते आणि तुझ्याशी बोलायला लागते. या वर्षी म्हटलं, लिहूनच काढावं.

मी चौथीत होते. शिकागोबाहेरच्या त्या घरात आपलं दुसरं हॅलोविन. पहिल्या वर्षी मी मांडीवर चॉकलेटांचं भांडं घेऊन खिडकीत बसले होते आणि सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरणारी पोरं आपलं घर सोडून पुढच्या घरी जात होती. एकसुद्धा आलं नाही. अंगणात काही मांडलेलं नसलं की त्या घरी जायचं नसतं, हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र वाटलं होतं, आपल्याकडे कोणाला यायचंच नाहीये. म्हणून दुसऱ्या वर्षी मी हट्ट धरला, सगळी पोरं आपल्या दारात आली पाहिजेत म्हणजे पाहिजेत. बाबांनी भलामोठा भोपळा आणून दिला आणि ते कामासाठी आठवडाभर परगावी गेले. त्यावर डोळे-दात कोरायला मी तुझ्या हातात सुरी दिली. तू ती खाली ठेवलीस.

"अख्खा भोपळा बायकांनी चिरायचा नसतो. पहिला घाव पुरुषाने घालायचा. बाबा येऊ देत."

"बाबा येतील तेव्हा हॅलोविन संपलेलं असेल! आणि आई, धिस इज अमेरिका!"

"मग? अमेरिकेतला भोपळा भोपळा नसतो का?"

मी रडून घर डोक्यावर घेतलं. तू म्हणालीस, "भोकाड बंद कर आणि फडक्यांसाठी आणलेली आजोबांची जुनी धोतरं काढ."

ते स्वयंपाकघर अजून दिसतं मला. तू शेगडीशी उभी आहेस, डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेला साबुदाणा मोठ्या पातेल्यात रटरटतो आहे. सुती साड्यांना करायचीस तशीच खळ, फक्त दुप्पट घट्ट. फाडलेली धोतरं तू त्यात बुडवतेस, पिळतेस, आणि खुर्ची, झाडू, व्हॅक्यूम क्लीनर, जे म्हणून उभं राहील त्याच्यावर डोक्यासाठी माझा एकेक बॉल बांधून वरून पांघरतेस. हात हवेत म्हणून कपड्यांचे तारेचे हँगर वाकवतेस. बेसमेंटमध्ये हीटरजवळ दोन दिवस वाळवून आतलं सगळं काढून घेतलं, तर धोतर आपलं आपण उभं! आत कोणी नाही आणि उभं! मी किंचाळलेच. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "बघितलंस?" अशी आठ भुतं केली आपण. भोपळ्यालाही तू न चिरता काजळाने डोळे आणि दात काढलेस. काय दिसत होता तो!

हॅलोविनच्या संध्याकाळी भुतं अंगणात मांडून झाली आणि मी तुला म्हटलं, "तू आत थांब हं, बाहेर थंडी आहे." थंडीचं काही नव्हतं गं. तुझं पातळ, तुझं कुंकू, तुझं इंग्लिश माझ्या वर्गातल्या पोरांनी बघायला नको होतं मला. तू "बरं" म्हणालीस आणि आत गेलीस.

आणि पोरं आली! रस्त्याच्या त्या टोकापासून धावत आली. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. खळीला पाणी लागलं की काय होतं, हे तुला माहीत, मला कुठे? सगळ्यात उंच भुताने आधी मान खाली घातली, मग ते कमरेत वाकलं, आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खाली बसलं. पोरं होती तिथेच थांबली. इतक्यात दार धाडकन उघडून तू बाहेर! पातळावर बाबांचा कोट, पायात माझे स्नीकर्स. "अरे अरे, हात लावू नका, ओली आहेत!" सगळं मराठीत. मग त्या भुताचं बखोट धरून तू ओरडलीस, "ऊठ मेल्या! आत्ताच बसायचं सुचलं होय?"

आई, काय हसली ती पोरं! पुढचं भूत बसायला लागलं तशी सगळी फौज ओरडली, "ऊट मेल्या!" दुसऱ्या गल्लीतली पोरंसुद्धा आली. चॉकलेटं संपली, तर तू दिवाळीचे शंकरपाळे काढलेस, तेही संपले. पुढच्या रविवारी तीन शेजारणी वह्या घेऊन खळ शिकायला आपल्या स्वयंपाकघरात हजर. जिंकलो आपण. अख्खा रस्ता जिंकलास तू.

त्या गर्दीत माझ्या वर्गातल्या मुलीने मला विचारलं, "इज दॅट युवर मॉम?" मी छाती फुगवून म्हटलं, "येस! माय मॉम!" तू ते ऐकलंस आणि शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलीस, माझी लेक कशी सगळ्यांसमोर ठणकावून बोलली. मी दर वेळी नुसती हसले. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून लिहिते. त्या मुलीने मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं ते तू दार उघडून बाहेर आलीस तेव्हा, कोणी हसायच्या आधी. तेव्हा मी "नो" म्हणाले होते.