जुन्या संगणकातल्या दोन डिस्कबाबत लेखी मागणी

मयूर विहार, दिल्ली
१२ फेब्रुवारी २०२५

ती. गुणवंतकाका,

संगणकाचं काहीही तोंडी सांगणार नाही, लेखी माग, असं तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणून आधी टिपण, मग नमस्कार.

१. २ फेब्रुवारीला आमच्याकडे असलेल्या तुमच्या जुन्या संगणकातून काकूच्या मराठी वर्गाची ३१२ रेकॉर्डिंग माझ्या नव्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली.
२. ८६ फाइली आल्या. ८७व्या फाइलला एरर आली. तीन वेळा, त्याच जागी.
३. डिस्कची सेटिंग बदलून पाहावी म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा निळा पडदा) गेले. तिथे तुमचा पासवर्ड होता.
४. ८ फेब्रुवारीला मदरबोर्डवरची बॅटरी बदलण्यात आली.
५. त्यामुळे पासवर्ड गेला. त्याबरोबर तुमची डिस्कची सेटिंगही गेली.
६. संगणक आता सुरू होत नाही.

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? व्यायाम करताय की फक्त त्याचा तक्ता भिंतीवर लावलाय? इथे आम्ही बरे आहोत. काकूही बरी आहे (लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या मैत्रिणींना रोज मेट्रोने भेटून येते आणि आमच्या चहाला नावं ठेवते).

आता सहाव्या मुद्द्याबद्दल. बायोसमध्ये डिस्क चालवायच्या तीन पद्धती आहेत: आयडीई, एएचसीआय आणि रेड. पहिल्या दोन्ही निवडून पाहिल्या, विंडोज दोन्हींत बंद पडली. मग कॅबिनेट नीट पाहिलं, तर आत एकाच मापाच्या दोन डिस्क. एकेक काढून माझ्या लॅपटॉपला लावली. दोन्ही वेळा लॅपटॉपने विचारलं, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? (दोन्ही वेळा मी केबल ओढून काढली. असं करू नये हे मला माहीत आहे.) त्यावरून माझा अंदाज असा की तुम्ही रेड लावून प्रत्येक फाइलचे तुकडे दोन डिस्कवर आळीपाळीने ठेवले होते. एका पुस्तकाची सम पानं एका पिशवीत आणि विषम दुसऱ्या पिशवीत, असं. वेग वाढतो हे खरं, पण एकाच बाबूवर सगळा भार नको, फाइली दोघांत वाटून द्या, हा तुमचा ऑफिसातल्या सेक्शनमधला नियम तुम्ही डिस्कनाही लावला असावा, अशी मला शंका आहे. रेड निवडल्यावर पडदा म्हणतो, जोडी सापडत नाही, नवी बनवा. बनवताना तो दोन गोष्टी विचारतो, पहिली डिस्क कोणती आणि तुकड्याचा आकार किती. उत्तर चुकलं आणि त्यावर काही लिहिलं गेलं, तर ती पानं कोणालाच लावता येणार नाहीत. मी 'नाही' दाबलं, प्लग काढला आणि तेव्हापासून त्या टेबलाकडे पाठ करून जेवते.

ही रेकॉर्डिंग ऐकवायचा काकूचा कार्यक्रम २३ तारखेला आहे. रविवारच्या मराठी वर्गाची बावीस मुलं येणार आहेत, म्हणजे आता मुलं नव्हेत, त्यांतल्या काहींना टक्कल आहे. गळ्याच्या ऑपरेशननंतर काकूचा आवाज खोलीच्या पलीकडे जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. काल भाजी निवडता निवडता ती कुजबुजली, "अपूर्वा, तो सुधन्वा आहे ना गं त्यात? 'कावळा' म्हण म्हटलं तर 'कौआ, कौआ' करत बसायचा. कसला झापलाय मी त्याला! आता साहेब झालाय, बायकोला घेऊन येतोय. दोघांना ऐकवते माझा आवाज." मग थोड्या वेळाने, "सगळं आलं ना गं?" मी म्हटलं, आलं.

त्यामुळे आज सकाळी तिने बाल्कनीतून हातवारे करून कबाडीवाल्याला वर बोलावलं आणि त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "भैया, ये कंप्यूटर बुधवार को ले जाना. बिल्कुल खाली है." तो बुधवारी, १९ तारखेला येणार आहे.

तुमची,
अपूर्वा

ता. क. १. चौथ्या मुद्द्यात 'बदलण्यात आली' असं लिहिलं आहे. मी बदलली. जुनी बॅटरी चांगली होती. तुम्ही पासवर्ड देईनात, म्हणून तो घालवण्यासाठी काढली. त्याआधी सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढायचा असतो, हे मी ऑफिसात नव्याने आलेल्यांना शिकवते. पासवर्ड असतानाही तो पडदा दिसत होता. फक्त बदलता येत नव्हता.

ता. क. २. आलेल्या ८६ फाइली मी सगळ्या ऐकल्या. त्या पहिल्या वर्षीच्या आहेत. तेव्हा काकू माइक मुलांच्या हातात देऊन लांब बसायची. तिचा आवाज त्यांत कुठेच नाही.

ता. क. ३. मला पासवर्ड नको, दोनच गोष्टी हव्या आहेत: पहिली डिस्क कोणती (एकीवर निळा ठिपका आहे, दुसरीवर नाही) आणि तुकड्याचा आकार किती, ६४ की १२८. तुमच्या एखाद्या वहीत नोंद असेल. नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा, अंदाज लिहू नका. तसं झालं तर काकूला मी स्वतः सांगेन. तोवर तुम्ही तिला काही बोलू नका.

मंगळवार, १८ फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्यावं.