ठकी बसत नाही

३ मार्च, रविवार. सकाळी.

आजपासून डायपर बंद. चर्चा नको.

काल दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारावं तसं म्हणाला, "ठकी अजून डायपरमध्येच का रे?" त्या 'अजून'मध्ये काय काय भरलं होतं ते मला बरोबर पोचलं. त्याचा मुलगा म्हणे धड चालायला लागायच्या आत भांड्यावर बसत होता. हे सांगताना आवाज असा, की पोरगं जणू विमान चालवत होतं. मी सांगितलं, पंधरा दिवसांनी फोन कर आणि मग विचार. तो हसला. त्याचं ते हसणं मला लहानपणापासून सहन होत नाही.

ठकी दीड वर्षाची व्हायला आलीय. बायको म्हणते फार लहान आहे, अजून धड दोन शब्द जोडून बोलत नाही. मी म्हटलं, शी करायला भाषा लागत नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. डावं-उजवं न कळणाऱ्या माणसांना मी लायसन्स मिळवून दिलंय. हे एवढंसं पोर काय चीज आहे?

बायको नुसती बघत राहिली. चष्म्याच्या दुकानात काम करते ना, समोरच्याला खालची ओळ वाचता येतेय का असं बघायची तिला सवयच लागलीय.

३ मार्च, संध्याकाळी.

भांडं आणलं. पिवळं, बदकाच्या आकाराचं. ओलं झालं की गाणं वाजतं. मुलं खूश होतात, असं दुकानदार म्हणाला.

ठकी बसली. उठली. बदक डोक्यावर घातलं. काढून परत बसवली. उठली. परत बसवली. मी घड्याळ बघायला मान वळवली तेवढ्यात बदकाच्या शेजारी, अगदी खेटून, शू. बदक कोरडं ठणठणीत.

हे मुद्दाम आहे. माझ्याकडे बघत केलं तिने.

४ मार्च, सोमवार.

पाळणाघरातल्या ताईंना कडक सूचना दिल्या. दर अर्ध्या तासाने बसवायचं, लाड नकोत, टाळ्या नकोत. त्या हो हो म्हणत दुसऱ्याच पोराचं नाक पुसत होत्या. अशा माणसांच्या हातात पुढची पिढी.

बदक बिघडलं. ते वाजतं की नाही हे बघायला मी त्यात पाणी ओतलं, तेव्हापासून थांबेना. बॅटरीच्या झाकणाला इतका बारीक स्क्रू की तो उघडेल असा स्क्रू ड्रायव्हर घरात नाही. आपटलं. आणखी जोरात वाजायला लागलं. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलंय. आता कपाट गातंय. असली वस्तू बनवणाऱ्याला त्याच कपाटात कोंडला पाहिजे.

९ मार्च, शनिवार.

आठवडाभराचा हिशोब: गादी, पायपुसणं, सोफ्याचा कोपरा आणि माझा डावा बूट. बुटाचं मला बूट घातल्यावर कळलं.

ओरडलो. ओरडणारच. "भांडं कशाला आणलंय?" असं विचारलं. ठकीचा ओठ थरथरला, मग ती रडली आणि रडता रडता पुन्हा शू. बायको म्हणाली, तू ओरडलास म्हणून झाली. वा! म्हणजे नळही माझ्यामुळेच गळतो.

चांगली बातमी: पुढचा आठवडाभर पाळणाघर बंद, ताईंच्या घरी लग्न आहे. सकाळी बायको घरी थांबेल, दुपारी मी अर्धी रजा टाकून. कुणाची लुडबुड नाही. एका आठवड्यात विषय संपवतो.

१२ मार्च, मंगळवार.

सकाळच्या बॅचला बँकेतल्या बाई. चौकात गाडी बंद पाडली. मागून सगळे हॉर्न मारतायत. क्लच, क्लच म्हणून मी ओरडलो, तर म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात की माझे पाय कुठे आहेत तेच मला कळत नाही." मी म्हटलं, जन्मापासून होते तिथेच आहेत! बाईंनी शांतपणे पट्टा काढला, दार उघडलं आणि भर चौकात उतरून चालत्या झाल्या.

मालकाने बोलावून झापलं. मला! लोकांना शिकायचंच नाहीये, खापर फोडायचंय.

दुपारी ठकी बदकावर बसली. (गाणं बंद झालंय, सेल संपले असावेत.) काहीच केलं नाही. पण जमिनीवरही नाही. ही प्रगती आहे.

१५ मार्च, शुक्रवार.

शू कुठेही होतेय, पण शी अजिबात नाही. मंगळवारपासून नाही.

पडद्यामागे जाऊन उभी राहते. दोन्ही मुठींत पडदा घट्ट धरते, चेहरा लालबुंद, पाय ताठ. मी जवळ गेलो की तिथून निघून टेबलाखाली. बदक नुसतं पुढे केलं तरी किंचाळते. पोट हाताला घट्ट लागतंय. जेवत नाहीये.

मी म्हटलं, हट्टीपणा आहे, आपल्या घराण्यात कुणीही असं नव्हतं. बायकोने माझ्या हातातून बदक घेतलं आणि खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. भरपूर पैसे पडले होते त्याला. तसं म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघून म्हटलं नाही. ती चिडली की आवाज चढत नाही, उतरतो. ते जास्त वाईट.

१६ मार्च, शनिवार.

डॉक्टरकडे नेलं. पार्किंगला जागा नाही, एकाने दोन गाड्यांची जागा अडवलेली. त्याला ऐकवून वर जाईपर्यंत बायकोचं आणि डॉक्टरचं काहीतरी बोलून झालं होतं. मी आत शिरलो तसे दोघे गप्प.

डॉक्टर म्हणाले, भीतीने धरून ठेवतेय. औषध दिलं. भांड्याचा विषय घरात काढायचा नाही, डायपर परत सुरू करा म्हणाले. मग विचारलं, "घाई नेमकी कुणाला आहे?" बायकोने माझ्याकडे बघितलं. ठकीनेही. मी दादाच्या मुलाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दादा तुमच्याकडे राहतात का?" नाही म्हटलं. "मग त्यांना इथे कशाला आणलंत?" असल्या माणसाला फी द्यायची.

१७ मार्च, रविवार.

झाली! सकाळी, डायपरमध्ये, बायकोच्या मांडीवर. ठकी खूप रडली आणि मग एकदम हलकी होऊन हसली. मला इतकं बरं वाटलं की काही सुचेना. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

दादाचा फोन वाजत होता. उचलला नाही.

२२ मार्च, शुक्रवार.

बँकेतल्या बाईंनी लेखी तक्रार केलीय. मालकाने दुपारीच घरी पाठवलं. म्हटलं, ठकीला आज आपणच घेऊन येऊ.

पाळणाघराच्या खिडकीतून आत बघितलं. भिंतीशी साध्या निळ्या भांड्यांची रांग. तीन पोरं बसलेली. मधली ठकी. शेजारच्या पोराला स्वतःचा मोजा दाखवत होती. मग उठली, भांड्यात वाकून बघितलं आणि ताईंना हाक मारली. भांड्यात सगळं व्यवस्थित!

ताई म्हणाल्या, "अहो, पहिल्या आठवड्यापासूनच बसते की. इतर पोरं बसतात ते बघून बसली. आईला सांगितलंय मी." वर विचारलं, "घरी बसत नाही का?"

रस्ताभर माझं डोकं सणसणत होतं. संध्याकाळी बायको घरी आल्या आल्या तिला विचारलं, माझ्यापासून का लपवलं? म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू रोज तिथे जाऊन उभा राहिला असतास." मी म्हटलं, अजिबात नाही. म्हणाली, "मग आज कुठून बघितलंस?"

मी बरंच बोललो. घरात माझीच किंमत नाही, सगळे एका बाजूला, डॉक्टरसुद्धा. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ती तुला घाबरते रे."

शेजारच्या खोलीत ठकी आपले ठोकळे रचत होती, आणि माझा आवाज बंद झाला तशी दारातून डोकावून गेली.

२४ मार्च, रविवार.

बायकोने तसलंच निळं भांडं आणून न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. जीभ अक्षरशः दातांखाली धरली होती.

नाश्ता झाल्यावर ठकी आपली आपण गेली आणि बसली. मी लांबून, दाराशी, जमिनीवर बसलो. चेहरा जमेल तेवढा हसरा केला. तिने बराच वेळ माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बाबा, जा."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आनंदाने ओरडलीच. दोन शब्द! पहिल्यांदा दोन शब्द जोडले तिने!

मी उठलो आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आत शूचा आवाज आला. भांड्यात पडत होती, स्पष्ट ऐकू आलं. मी टाळी वाजवली नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, येऊ का?

आतून उत्तर आलं, "नको."

बोलणं झपाट्याने सुधारतंय. ते मात्र माझ्यामुळे.