बोटाएवढ्या वस्तूंची जत्रा

१३ जानेवारी, कळवण
शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत चिठ्ठ्या टाकल्या — प्रत्येक शाळेनं पोरांना एका देशाची ओळख करून द्यायची. शेजारच्या शाळेला जपान. आमच्या वाट्याला बोलिव्हिया! मलाच नकाशात सापडेना, पोरांना काय सांगू, कपाळ!

१९ जानेवारी
बटाटा मूळचा तिकडच्या डोंगरांतला, हे बारकूला पटेना. "मॅडम, बटाटा आपलाच हाय!" त्यांचा समुद्रकिनारा लढाईत गेला, हे मात्र सगळ्यांना लागलं. "मंग परत नाय दिला?" नाही दिला बाबा.

२४ जानेवारी
आज तिथे जत्रा. जे हवं त्याची बोटाएवढी नक्कल घ्यायची — घर, गाडी, दुकान — म्हणजे वर्षात खरं मिळतं म्हणे. दिशा ओरडली, "आमी गडावर दगडं रचतो ना, घर व्हावं म्हनून! तसंच!" अगदी तसंच गं. मग काय, मातीचे ट्रॅक्टर, शेळ्या, मोबाइल! एकच सांगितलं — वस्तू दुसऱ्यानं दिली तर जास्त फळते, असं तिथे मानतात. पोरांनी एकमेकांत वाटून टाकल्या.

पोरं गेल्यावर मी काडेपेटीएवढा कागद कापला. लिहिलं — "बदली आदेश, नाशिक." स्वतःच केला, स्वतःच पर्समध्ये ठेवला. नियम गेला खड्ड्यात! सई आठ वर्षांची झाली आणि तिला आई फक्त शनिवार-रविवार. जीव तुटतो माझा.

२५ जानेवारी, इंदिरानगर, नाशिक
सईला जत्रेचं सांगितलं. दुपारभर क्ले घेऊन बसली. सासूबाई करवादल्या, "अगं, चादरीला चिकटवशील!" निघताना सईनं माझ्या हातावर इवलंसं दप्तर ठेवलं. नवीन हवंय का गं? "नाही. तुला देतेय." आणि पळाली. एसटीत उभ्यानंच आले.

१६ मे, इंदिरानगर
बदल्यांची यादी लागली. याही वर्षी माझं नाव नाही.

खूप रडले. पर्समधला तो कागद फाडला, तर दप्तर बाहेर पडलं. सई म्हणाली, "ते तुझ्या शाळेत यायचं दप्तर आहे. तुला कळलंच नाही?"

१७ मे
सईला कळवणला माझ्या शाळेत नेते म्हटलं. सासूबाई — "लोक पोरं शिकवायला शहरात आणतात, आणि ही उलटी गंगा!" अमितनं पेपरात डोकं खुपसलं. नवरा म्हणून काहीतरी बोल की रे!

१४ जून, कळवण
अमित आम्हा दोघींना सोडायला आला होता. जाताना म्हणाला, "आता शनिवारची एसटी माझी."

१५ जून
शाळा उघडली. हजेरी घेतली. बारकू — "हजर, मॅडम!" दिशा — "हजर, मॅडम!"

सई — "हजर, आई!"