नवी विंडोज टाकण्याआधी

मुलुंड, बुधवार

प्रिय राजेश,

अक्षर ओळखलं असशीलच. हाताने लिहितोय, कारण हे टाइप करणं जमेना; आपल्या दुकानातलं मशीनही सध्या माझ्यावर रुसलंय. हो, तेच मशीन. तू गेलास तेव्हा होतं तेच, मागे मराठी टायपिंगच्या पॅकेजचं डोंगल खोचलेलं, तीच जुनी विंडोज. आता गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचं मॅटर फोनवर पाठवतं, आणि माझ्या पॅकेजमध्ये टाकलं की नुसते चौकोन उमटतात. मग सगळं परत टाइप करतो, मामा-मावश्यांच्या नावांसकट. गेल्या महिन्यात एका नवरदेवाचं आडनाव चुकलं. चारशे पत्रिका रद्दीत गेल्या.

चौदा वर्षांपूर्वी तू हेच सांगत होतास. सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडवर जाऊ, नवी विंडोज टाकू, नाहीतर मागे पडू. आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, याला पत्रिकेवरचा गणपती सरळ लावता येत नाही आणि निघाला दुनिया बदलायला. गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. तू डबा आणि छत्री उचललीस आणि पायऱ्या उतरलास. आता येईल, मग येईल म्हणत मी चहा दोन वेळा गरम केला. तू पार्ल्यात स्वतःचं दुकान टाकलंस हे मला कागदवाल्याकडून कळलं. चूक माझी होती, राजेश. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण फोन काही केला नाही.

गार्गी, माझी लेक, आता नोकरीला लागलीये. येत्या रविवारी येऊन मशीन पुसून नवी विंडोज टाकते म्हणाली. त्यात जुनं पॅकेज चालणार नाही, त्यातल्या फाइली उघडणार नाहीत. बाबा, जुन्यातलं काय ठेवायचंय, असं तिने विचारलं आणि मी पटकन म्हणालो, काही नाही. गेली कित्येक वर्षं मी तिला टाळतोय. कधी डोंगलचं निमित्त, कधी डोळ्यांचं, कधी लग्नसराईचं. निमित्तं सगळी खरी होती, पण खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही.

तुला काकीच्या त्या दुपारी आठवत असतील. जेवणानंतर गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा तुझी आई स्टुलावर बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि मी टाइप करायचो. मी शहाणा, तिची मालवणी सुधारून लिहायचो, ‘गो’चा ‘गं’ करायचो. पहिलं प्रूफ तू वाचून दाखवलंस तर काकी म्हणाली, ‘माझो गो खंय गेलो?’ सगळे ‘गो’ परत घालायला लावले तिने. मला म्हणाली, तुझ्या आवशीक इचार, ती सांगतली. माझी आई तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. काकीच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी तांदळाची बोरं घेऊन आली. 

काकी गेल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. तुझा फोन आला तो दोन महिन्यांनी, आणि तोही फाइलसाठी. वर्षश्राद्धाला ओव्यांची पुस्तिका छापायची म्हणालास. काकी गेली तेव्हा याला माझी आठवण नाही झाली, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. मी म्हणालो, मशीन क्रॅश झालं, सगळं गेलं. तू नुसतं ‘बरं’ म्हणालास. त्या ‘बरं’नंतर मला नीट झोप लागलेली नाही, हे लिहायला दहा वर्षं लागली.

काही गेलं नव्हतं, राजेश. फाइल त्याच फोल्डरमध्ये होती, काकीच्या नावाची. नवी विंडोज टाकली की माझं खोटं आपोआप खरं होईल, कुणाला कधी कळणार नाही. सोमवारी दुपारी मी मशीनसमोर बसलो आणि खरंच वाटलं, होऊ दे. मग एकदा शेवटचं म्हणून फाइल उघडली, आणि वाचताना तिचा आवाज यायला लागला.

सोबत एक्केचाळीस पानं आहेत, सगळे ‘गो’ जागच्या जागी आहेत. तू माफ करावंस म्हणून पाठवत नाहीये, ती तुझीच आहेत. फक्त सतराव्या पानावर एक ओळ अर्धी आहे. पुढचं उद्या आठवून सांगते म्हणून काकी उठली होती, आणि त्याच आठवड्यात तू पायऱ्या उतरलास. ती ओळ तुला येत असेल तर येऊन सांग, त्याच मशीनवर, त्याच अक्षरात टाकू. गार्गीला मी रविवारी येऊ नकोस म्हणून कळवलंय.

तुझाच,
सुबोध