पीराची शाल

७ नोव्हेंबर, गुरुवार
ऊद लावला आणि धुराचा अलार्म बोंबलला. दर गुरुवारी तेच! स्टुलावर चढून फडक्याने वारा घातला. गुडघा गेलाय कामातून. खुंटीवरच्या शालीला हात लावला, नमस्कार केला, झालं.
चैत्राली लायडनहून आली होती. दारात उभी राहून बघत होती. पोरगी तिथे युनिव्हर्सिटीत जुन्या सुफींचं शिकते — कुठल्या पीराने कुणाला शिष्य केलं, शेकडो वर्षांपूर्वीचं सगळं तोंडपाठ. घरातल्या शालीबद्दल मात्र एक शब्द नाही. विचारलं तर, “इट्स युअर थिंग, आई.”

१० नोव्हेंबर
श्रीकांतचा फोन. चुलतभाऊ माझा. शाल गावी पाठव म्हणे, उरुसाला लोक विचारतात, तिकडे परदेशात थंडीत कोण बघतंय.
ही शाल माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खांद्यावर त्यांच्या पीराने घातली. त्या पीराच्या खांद्यावर त्याच्या पीराने. अशी खाली आलेली. श्रीकांतचे वडील मागायला आले तर अण्णा म्हणाले, “मागितलीस ना? मग संपलं.” आणि माझ्या खांद्यावर टाकली — चौथीत शाळा सोडलेल्या पोरीच्या! चुलते वर्षभर बोलले नाहीत.

१२ नोव्हेंबर
दमले. सकाळपासून डबे, पोळ्या, पाऊस. माझ्यानंतर गुरुवार कोण करणार? चैत्रालीला काही पडलेली नाही. गावी निदान ऊद तरी लागेल. अलार्मशिवाय.

१३ नोव्हेंबर
शेजारचा दिलीप पुण्याला निघाला. शाल त्याच्या बॅगेत कोंबली. श्रीकांतला पोचवतो म्हणाला. मागितली म्हणून दिली. अण्णा असते तर थोबाडीत मारली असती. नाहीयेत. सुटले मी!

१४ नोव्हेंबर, गुरुवार
चैत्राली आली. खुंटी रिकामी बघून कुठंय म्हणाली. सांगितलं. जॅकेट न काढता जिन्यावर बसली. मला वाटलं, आता इंग्लिशमध्ये काहीतरी सुनावणार. तर मराठीत बोलली, हळू.
“मागणाऱ्याला मिळत नाही. लहानपणी तूच सांगितलंस ना? म्हणून मी गप्प होते, आई.”
भर पावसात सायकल मारत दर गुरुवारी येत होती. मला वाटायचं, जेवायला येते.

१५ नोव्हेंबर
श्रीकांतला फोन लावला. “बोल अक्का. मिळाली बरं का शाल!”
तब्येत विचारली. ठेवला.
मागू कशी?